जुळीचा सल्ला

पडद्यावरची मुलगी चालू लागली तशी शरू व्हीलचेअरमध्ये पुढे सरकली आणि म्हणाली, "अय्या, हिला केस आहेत!"

औषधांनी शरूच्या डोक्यावर एक केस ठेवला नव्हता, आणि पडद्यावरच्या शरूच्या दोन वेण्या पाठीवर हलत होत्या. संगणकशास्त्रज्ञ डॉ. भालेराव ओशाळून म्हणाले, "अगं, ही दोन वर्षांनंतरची तू आहेस. तोवर येतील की केस."

"मग हळू का चालतेय?"

"तिच्या पायात धातूचा गुडघा बसवलाय. जपून चालावं लागतं."

विभाने लेकीच्या टोपीवर हात ठेवला. शेजारी अतुल एकटक पडद्याकडे बघत होता. मुलगी सरळ चालत होती, दोन्ही पाय दिसायला सारखे होते. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत प्रथमच थोडा जीव आला होता.

शरू अकरा वर्षांची. कराडच्या शाळेत खो-खो खेळायची, आणि तिचे बाबा त्याच शाळेत भूगोल शिकवायचे, खो-खोचा संघही तेच सांभाळायचे. विभा एसटीच्या आगारात विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या चार्जिंगचं वेळापत्रक बघायची. शरूचा डावा गुडघा दुखायला लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं, मैदानावर मुरगळला असेल. पण गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात गाठ निघाली, आणि ती कर्करोगाची होती. तेव्हापासून या कुटुंबाचं निम्मं आयुष्य कोल्हापूरच्या या रुग्णालयात चाललं होतं.

इथे प्रत्येक लहान रुग्णाची 'देहप्रत' बनवत. शरीराचे आतून-बाहेरून काढलेले असंख्य फोटो, रक्ताच्या तपासण्या, गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून त्यावर केलेले प्रयोग, मुलाच्या चालण्याची, श्वासाची, झोपेची मोजमापं, हे सगळं एकत्र करून संगणकात त्या मुलाचं दुसरं शरीर उभं करायचं. त्या शरीराचं हृदय धडधडायचं, त्याचं यकृत औषध पचवायचं, त्याची गाठ वाढायची आणि आक्रसायची. शरूला द्यायचं प्रत्येक औषध आधी त्या शरीराला देऊन बघत. वॉर्डातली मुलं त्याला देहप्रत म्हणत नसत. त्यांच्या भाषेत ती 'जुळी' होती. "आज माझ्या जुळीला उलट्या झाल्या, आता उद्या मला होणार," असं शरू एखाद्या मैत्रिणीबद्दल बोलावं तसं बोलायची.

आणि जुळी खोटं बोलत नसे. एका औषधाने शरूची ऐकण्याची शक्ती जाईल, हे जुळीच्या कानांनी आधीच सांगितलं होतं. डॉक्टरांनी मात्रा बदलली आणि शरूचे कान शाबूत राहिले. त्या दिवशी अतुलने रुग्णालयाच्या जिन्यात उभं राहून हुंदके देऊन रडून घेतलं होतं. तेव्हापासून जुळीचा शब्द त्याला देवाच्या कौलासारखा वाटे.

आता औषधांचा पहिला टप्पा संपला होता, शस्त्रक्रिया जवळ आली होती.

"ही नको," शरू म्हणाली. "दुसरी दाखवा."

भालेरावांनी शल्यविशारद डॉ. नसीम इनामदारांकडे पाहिलं. उंच, सडसडीत, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी मान हलवली. "दाखवा. पाय तिचा आहे."

पडद्यावरची शरू क्षणभर नाहीशी झाली आणि पुन्हा आली. या वेळी ती पळत होती. तिने वळण घेतलं, उडी मारली, पडली, उठली. डावा पाय मांडीपासून पुढे कृत्रिम होता.

शरूने व्हीलचेअरच्या दांड्यावर हात आपटला. "ही! ही मी!"

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उमटले. धातूचा गुडघा: एक्क्याऐंशी. पाऊल फिरवण्याची शस्त्रक्रिया: शेहेचाळीस.

"हे काय?" विभाने विचारलं.

"समाधानाचा अंक," भालेराव म्हणाले. "जगण्याची शक्यता दोन्हींमध्ये जवळजवळ सारखीच आहे. तिथे निवड होत नाही. म्हणून देहप्रत पुढचं आयुष्य बघते. ज्यांनी याआधी या शस्त्रक्रिया करून घेतल्या, त्यांच्या उत्तरांवरून. देहप्रतीचा सल्ला धातूच्या गुडघ्याचा आहे."

*

पाऊल फिरवण्याची शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे इनामदारांनी आपल्या खोलीत कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ असलेला मांडीचा भाग गुडघ्यासकट काढायचा. पण त्यातून जाणारी मुख्य नस तोडायची नाही. मग खालचा पाय अर्धा वळसा फिरवून वरच्या मांडीला जोडायचा. पाऊल उलटं होतं, टाच पुढे आणि बोटं मागे, आणि घोटा बरोबर गुडघ्याच्या जागी येतो. बोटं खाली ताणली की 'गुडघा' सरळ होतो, वर ओढली की वाकतो. त्या पावलावर कृत्रिम पाय चढवायचा. सांधा आपल्याच हाडामांसाचा असल्यामुळे पळता येतं, उडी मारता येते, पोहता येतं. मूल वाढेल तसा तो वाढतो. शस्त्रक्रिया जुनीच आहे, फक्त फारसं कुणी तिच्या वाटेला जात नाही.

"का?" विभाने विचारलं.

इनामदारांनी पेन खाली ठेवलं. "दिसण्यामुळे. कृत्रिम पाय काढला की गुडघ्याच्या जागी उलटं पाऊल दिसतं. लोकांना ते बघवत नाही. धातूचा गुडघा आतून असतो, बाहेरून पाय पायासारखा दिसतो. पण तो झिजतो, कधी त्यात जंतू शिरतात, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात. आणि पळणं बंद."

"तुम्ही काय कराल, मॅडम?"

"पाच वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आता देहप्रतीचा सल्ला असतो. कायद्याने तो सल्लाच आहे. पण त्याविरुद्ध जायचं तर पुनर्विचार समितीची मंजुरी लागते, आणि आजवर कुणी तिच्यापुढे गेलेलं नाही."

त्या संध्याकाळी रुग्णालयासमोरच्या धर्मशाळेच्या खोलीत नवरा-बायकोचं जुंपलं. शरू वॉर्डात होती, तिच्याजवळ विभाची बहीण बसली होती, म्हणून आवाज दाबायची गरज नव्हती.

"मी शाळेत असतो विभा, रोज!" अतुल म्हणाला. "मुलं काय करतात ते मला माहीत आहे. एका पोराच्या कानाची पाळी जरा मोठी होती, तर त्याला चार वर्षं काय काय म्हणत होती, ठाऊक आहे? आणि ही उलटं पाऊल घेऊन जाणार? उलट्या पावलांचं कोण असतं म्हणतात आपल्याकडे? मी सांगायला हवं?"

हडळ हा शब्द त्याने उच्चारला नाही. पण तो खोलीत येऊन बसलाच.

"म्हणून तिने आयुष्यभर जपून चालायचं?"

"जगेल ना! सरळ दिसेल! त्या यंत्राने तिचे कान वाचवले. तेव्हा तू त्याला हात जोडलेस. आता ते तुझ्या मनासारखं बोललं नाही तर ते वाईट?"

"कान जातील की राहतील हे शरीर सांगतं, अतुल. ती सुखी होईल की नाही हे तिचं शरीर कसं सांगेल? ते कुणीतरी दुसऱ्यांनी सांगितलंय. कोण आहेत ते?"

विभाला त्या प्रश्नाने झोपू दिलं नाही, आणि सकाळी ती भालेरावांच्या दारात उभी राहिली.

भालेराव सज्जन माणूस होते. त्यांनी काही लपवलं नाही. जगभरातून शेकडो रुग्णांची उत्तरं देहप्रतीला दिलेली होती. त्यांत पाऊल फिरवलेले भारतातले रुग्ण फक्त एकोणीस. प्रश्न साधे होते. लोक तुमच्याकडे रोखून बघतात का? तुम्हाला पाय लपवावासा वाटतो का? लग्नाची काळजी वाटते का? हा निर्णय पुन्हा घ्याल का?

"यांतल्या कुणाला भेटता येईल?"

"नावं आम्हालाही माहीत नसतात, ताई. ती गुप्त असतात."

पण इनामदार मॅडमना एक नाव माहीत होतं. त्यांच्या गुरूंनी वीस वर्षांपूर्वी ज्या मुलीचं पाऊल फिरवलं, तेव्हा मदतीला त्या स्वतः उभ्या होत्या. त्यांनी त्या मुलीला फोन केला, तिची परवानगी विचारली आणि दोन दिवसांनी ती आलीच.

*

अमृता लोहार गडहिंग्लजकडची. जनावरांची डॉक्टर. गोठ्यातल्या शेणाचा पुसटसा वास घेऊन, खांद्याला बॅग लटकवून ती वॉर्डात शिरली तेव्हा कुठला पाय कृत्रिम आहे ते अतुललासुद्धा कळलं नाही, आणि तो तर आयुष्यभर मुलांची धाव निरखत आलेला माणूस.

"शरू कोण गं तुमच्यात?" तिने विचारलं, जणू वॉर्डात टक्कल असलेल्या डझनभर शरू होत्या. मग ती पलंगावर तिच्याशेजारी बसली. "हे बघ, मी तुला काय कर आणि काय नको, ते सांगणार नाही. मी दाखवणार फक्त. बघायचंय?"

शरूने मान डोलावली. अमृताने पायजमा वर सरकवला, पट्टे सोडवले आणि कृत्रिम पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला.

विभाने मनाची तयारी केली होती. तरी तिने पलंगाची कड घट्ट धरली. मांडीच्या टोकाला, जिथे गुडघा असायला हवा, तिथे एक पाऊल होतं. खालच्या दिशेला, बोटं मागे वळलेली. नखं नीट कापलेली होती. अतुल खिडकीकडे वळला.

शरू वाकली. अगदी जवळून बघत राहिली. "हलतं?"

अमृताने बोटं वर घेतली, खाली नेली.

"हात लावू?"

"लाव की."

शरूने एक बोट तळव्यावरून फिरवलं आणि अमृता फिस्सकन हसली. "अगं ए! गुदगुल्या होतात!"

"गुडघ्याला गुदगुल्या!" शरू किंचाळली. शेजारच्या पलंगावरचा मुलगाही हसायला लागला. मग कुणालाच हसू आवरेना. विभा हसली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

बाहेर व्हरांड्यात अमृता त्या दोघांशी जरा वेगळ्या आवाजात बोलली. "तुम्हाला गोड गोड सांगणार नाही मी. घाम आला की पट्ट्याखाली सोलवटतं. एक पोरगा दोन वर्षं मागं लागला आणि पाय बघून पळाला. दुसऱ्यानं बघितलं आणि राहिला, आता आमची पोरगी पहिलीला आहे. गावात पहिल्यांदा गेले की म्हाताऱ्या बायका तोंडावर पदर घेतात. दुसऱ्या खेपेला म्हशीचं वेत अडलं की त्याच बायका धावत बोलवायला येतात."

"त्या एकोणीस जणांत तुम्ही आहात?" विभाने विचारलं.

"आहे ना. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी प्रश्न विचारायला आले होते. मी चौदा वर्षांची. शाळेत मला काय म्हणायचे ते तुम्हाला सांगायला नको. 'पुन्हा हाच निर्णय घ्याल का' म्हटल्यावर मी 'कधीच नाही' सांगितलं. रडत रडत सांगितलं."

"आणि आता?"

"आता कुणी विचारलंच नाही," अमृता म्हणाली. "त्यानंतर एकदाही नाही. म्हणजे तुमच्या पोरीला सल्ला कोण देतंय, सांगू? मी. पण चौदा वर्षांची, रडणारी मी."

अतुलने हळूच विचारलं, "शाळेत त्रास द्यायचे तेव्हा तुमचे सर काय करायचे?"

"काही नाही. मला वर्गात बसून राहायला सांगायचे. मैदानावर यायची परवानगी नव्हती."

रात्री जेवताना अतुल मध्येच थांबला. "मीसुद्धा तेच केलं असतं," तो म्हणाला. "माझ्या शाळेत अशी मुलगी आली असती तर तिला जपायचं म्हणून मी वर्गातच बसवली असती." मग ताट बाजूला सारून म्हणाला, "समितीपुढे मीही येतो."

*

समितीत पाच जण होते. अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टर, वयस्कर, सौम्य. त्यांच्या मागे भिंतीवर धातूच्या गुडघ्याची शरू हळूहळू चालत होती.

"तुमच्या भावना आम्ही समजतो," ते म्हणाले. "पण एक्क्याऐंशी आणि शेहेचाळीस हा फरक लहान नाही. तुमच्या मुलीचं सुख..."

"सर, एक विचारू?" अतुल उभा राहिला. वर्गातल्या सवयीने त्याचा आवाज खोलीभर गेला. "हे जे पस्तीस गुण कमी झालेत, ते कशाचे? पाय दुखतो म्हणून? चालता येत नाही म्हणून? तसं काही नाही. लोक बघतात म्हणून. म्हणजे नजर लोकांची वाईट, आणि शस्त्रक्रिया माझ्या पोरीवर?"

भालेरावांनी घसा खाकरला. "त्यांचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "देहप्रत शरीराबद्दल बोलते तेव्हा तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. समाजाबद्दल मात्र ती आपण जे भरवलं तेच बोलते. आणि आपण रुग्णांना दुसऱ्या वर्षी एकदाच विचारलं. ती चूक माझीही आहे. समितीची हरकत नसेल तर तो भाग वगळून मी आत्ता पुन्हा गणित मांडतो. काही मिनिटांत नवा अंक येईल."

अध्यक्षांना हे पटलं. सगळे पडद्याकडे वळले.

"नको," विभा म्हणाली.

अतुलनेही चमकून तिच्याकडे पाहिलं.

"नवा अंक मांडू नका. तो चांगला आला म्हणून तुम्ही हो म्हणालात, तर मागच्या दाराने पुन्हा त्या यंत्रानेच ठरवलं असं होईल. उद्या दुसऱ्या कुणाच्या मुलीचा अंक वाईट येईल, मग तिची आई काय करेल? गाठ कुठवर पसरलीय, औषध किती द्यायचं, ते यंत्राला विचारा, मी हात जोडून ऐकेन. पण माझी मुलगी कसं जगेल हे तिला विचारा. ती बाहेर बसलीय."

"ती लहान आहे, ताई," समितीतल्या एक बाई समजुतीने म्हणाल्या. "मोठी झाल्यावर तिने तुम्हाला दोष दिला तर?"

"देऊ दे की!" विभाचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "वीस वर्षांची होऊन माझ्याशी कडकडून भांडू दे. दारं आपटू दे. ती तेवढी जगली, याहून मला दुसरं काय हवंय?"

शरूला आत बोलावलं. ती चाकाची खुर्ची स्वतः ढकलत आली. अध्यक्षांनी तिला पाऊल कसं दिसेल ते माहीत आहे का विचारलं. तिने सांगितलं, हात लावून बघितलंय. मुलं चिडवतील ते माहीत आहे का? तिने सांगितलं, आत्ताही 'गोटा' म्हणतातच.

"मग भीती वाटत नाही?"

"वाटते ना," शरू म्हणाली. "ऑपरेशनची वाटते. पाय कापताना जाग आली तर, याची वाटते. मुलांची नाही वाटत." मग तिने भिंतीवर चालणाऱ्या मुलीकडे बोट दाखवलं. "आणि हिला बंद करा. बिचारी केव्हाची चालतेय."

मंजुरी मिळाली. चार विरुद्ध एक मतांनी.

*

शस्त्रक्रियेला दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. इनामदार मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. गाठ कडेच्या निरोगी भागासकट पूर्ण निघाली होती. नस शाबूत होती. "बोटं गुलाबी आहेत," एवढंच म्हणून त्या भिंतीला टेकल्या.

त्यानंतर जे झालं ते विभाने कुणाला सांगितलं नाही. समितीपुढे भांडलेली विभा शरूची पट्टी सोडली की काही ना काही कामाला खोलीबाहेर जायची. कधी पाणी आणायला, कधी औषध विचारायला. ते पाऊल तिने स्वतः जन्माला घातलेलं होतं, न्हाऊ-माखू घातलेलं होतं, आणि आता तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. अतुल मात्र रोज सकाळी त्या पावलाला तेल लावायचा. व्यायाम करून घ्यायचा. "बोटं खाली, शाब्बास! वर! खाली!" अशी मैदानावरची आरोळी वॉर्डात घुमायची. शरूचा मेंदू गोंधळायचा. घोटा हलव म्हटलं की गुडघा वाकायचा, गुडघा म्हटलं की काहीच हलायचं नाही. ती चिडायची, उशी फेकायची, रडायची. पुन्हा औषधं सुरू झाली, पुन्हा उलट्या. आता मात्र ती जुळीबद्दल विचारत नसे.

वर्ष गेलं. फुप्फुसं स्वच्छ निघाली. पुढेही बरीच वर्षं तपासण्या होत राहणार होत्या, आणि प्रत्येक तपासणीच्या आधीची रात्र जागून काढावी लागणार होती, हे आता त्यांना ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात शरूने हट्ट धरला की सदाशिवगड चढायचा. आणि हाफपँट घालूनच चढायचा. रविवारची सकाळ, पायऱ्यांवर कराडची निम्मी माणसं. शरू पुढे, अतुल तिच्यामागे दोन पायऱ्या सोडून, विभा शेवटी. माणसं वळून वळून बघत होती. शरू एकेक पायरी मागे टाकत होती.

अर्ध्यावर ती मटकन बसली. "सोलवटलं," ती म्हणाली, आणि कुणी काही म्हणायच्या आत पट्टे सोडून तिने पाय काढला. उन्हात, वाटेच्या मधोमध, ते पाऊल उघडं झालं.

वरून उतरणारं एक कुटुंब थबकलं. त्यांच्यातल्या बाईने आपल्या मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवला. विभाचा हात आपसूक आपल्या ओढणीकडे गेला. झाकावं, पटकन झाकावं. ओढणी खांद्यावरून निम्मी सुटलीही.

शरू फक्त आईकडे बघत होती.

विभाने ओढणी पुन्हा खांद्यावर टाकली. ती खालच्या पायरीवर बसली, लेकीचं पाऊल तिने मांडीवर घेतलं, आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. टाचेवर लाल चट्टा उठला होता. करंगळीवर जन्मापासूनचा तो तीळ होता, बारशाला सगळ्यांना कौतुकाने दाखवलेला. तिने तळव्यावर अंगठा दाबून गोल गोल फिरवायला सुरुवात केली.

"या ना," ती मान वर न करता त्या बाईला म्हणाली. "मुलाच्या डोळ्यांवरचा हात काढा. बघू दे त्याला. माझ्या मुलीचा गुडघा आहे हा."

मुलगा आधीच बोटांच्या फटीतून बघत होता. "दुखतं का?" त्याने शरूला विचारलं.

"चढताना दुखतं," शरू म्हणाली. "आई, अजून जोरात दाब ना. अजून निम्मा गड राहिलाय."